रेवाला कॉलेज बघायचं होतं

मी प्रश्न मुलीला विचारत होते आणि उत्तरं तिची आई देत होती.

“रेवा, सर्व्हेइंगच का करायचंय तुला?”

“तिला गणित खूप आवडतं,” आई म्हणाली.

“एक रात्र हॉस्टेलवर एकटी राहशील?”

“राहील ना. मी असेनच की बरोबर.”

व्हिडिओ कॉलवर दोघी शेजारी बसल्या होत्या. रेवा बारावीत होती. तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि स्क्रीनच्या तळाशी जास्त होतं. तिथे कॅप्शन्स उमटत होती. म्हणजे मी जे बोलेन ते कॉम्प्युटर ऐकून लगेच टाइप करून दाखवत होता, त्याला जसं समजेल तसं. मध्येच ती खुदकन हसली आणि चॅटमध्ये तिचा मेसेज आला.

“कॅप्शन्सच्या मते तुम्ही मला पडदे विकताय.”

मी मागे जाऊन वाचलं. मी ‘सर्टन सब्जेक्ट्स’ म्हणाले होते. माझ्या पुणेरी इंग्रजीतलं ‘सर्टन’ त्या सॉफ्टवेअरला ‘कर्टन’ वाटलं होतं. मलाही हसू आलं.

लगेच दुसरा मेसेज. “आपण टाइपच करू या का? आणि प्लीज, आईला जरा बाहेर जायला सांगा. माझं ती ऐकत नाही.”

आईनेही तो वाचला. तिचा चेहरा उतरला. ती उठून खोलीबाहेर गेली. दार मात्र अर्धवट उघडं ठेवलं.

रेवाला ऐकू येत नाही. कानातल्या मशीनमुळे आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. समोरच्याचे ओठ बघून ती बरंचसं ओळखते आणि बाकीचं ऑस्लनमधून, म्हणजे ऑस्ट्रेलियात वापरतात त्या खुणांच्या भाषेतून. हे तिने लपवलं नव्हतं. अर्जाचं पहिलंच वाक्य तसं होतं: “मला ऐकू येत नाही. आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणाची पंचाईत नको.” ती सगळं इंग्रजीत लिहायची. मी इथे मराठीत सांगतेय.

मी तेव्हा मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका कॉलेजात काम करत होते. राहायला वेरिबीत, त्यामुळे ऑफिस जवळ होतं. अर्थात कोविडच्या त्या वर्षात ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा आमचं डायनिंग टेबलच. माझ्याकडे स्पॉन्सर्ड कॅम्पस व्हिजिटचा प्रोग्राम होता. कल्पना साधी आहे. लांबच्या गावातली मुलं किंवा काही अडचण असलेली मुलं कॉलेज न बघताच फॉर्म भरतात. ब्रोशरमध्ये हिरवळीवर बसून हसणारी मुलं दिसतात, त्यावरून काही कळत नाही. म्हणून कॉलेज स्वतःच्या खर्चाने त्यांना बोलावतं. ट्रेनचं तिकीट, एक रात्र हॉस्टेल, जेवण, आणि ज्या विषयात रस आहे तिथे अर्धा दिवस. जागा मोजक्या असतात, त्यामुळे अर्ज आणि इंटरव्ह्यू. नंतर आमचं तिघांचं पॅनेल ठरवतं.

दोन लॉकडाऊनच्या मधला काळ होता तो. मेलबर्न सावकाश उघडत होतं. कॅम्पसवर बाहेरच्यांना बंदीच होती, पण थोड्या अर्जदारांना बोलवायची खास परवानगी आम्हाला मिळाली होती.

आई बाहेर गेल्यावर मी तोच प्रश्न टाइप केला. सर्व्हेइंगच का?

रेवाची बोटं भराभर चालू लागली. ते लोक शेपर्टनला राहत होते, मेलबर्नपासून दोन-अडीच तासांवर. वडील डेअरीच्या कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर. मागच्या लॉकडाऊनमध्ये शाळा घरूनच होती आणि तिच्या खिडकीसमोर रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. सर्व्हेअर्स, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे, यायचे. एक माणूस यंत्राशी, दुसरा पार लांब, काठी धरून. मध्ये रोडरोलर.

“ते दोघं बोलत नव्हते,” तिने लिहिलं. “हात करत होते. रोलरच्या आवाजात त्यांनाही काही ऐकू येत नसणार. पण काम चालू होतं. ऐकू येणाऱ्या माणसांना न बोलता काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं.”

मी विचारलं, “इथे आलीस तर काय बघायला आवडेल?”

साधारण मुलं लायब्ररी, जिम, कॅन्टीन अशी उत्तरं देतात. रेवाने लिहिलं, “मला त्या यंत्रामागे उभं राहायचंय. जे शिकवणार आहेत त्यांना विचारायचंय की मी हे करू शकेन का. आणि हॉस्टेलमध्ये फायर अलार्म वाजला तर मला कसं कळेल?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

पॅनेलमध्ये माझ्याखेरीज दोघं होते. ग्लेंडा आमची डायरेक्टर. शेतावर वाढलेली, उंचपुरी, कमी शब्दांत बोलणारी बाई. आणि कॉलिन, सर्व्हेइंगचा सीनियर लेक्चरर. साठीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला. निम्मं आयुष्य त्याने साइटवर काढलेलं होतं. बाकीचे चार अर्ज पटकन निघाले. रेवाच्या अर्जापाशी कॉलिन थांबला.

“हुशार आहे,” तो म्हणाला. “तिचे गणिताचे मार्क बघून मलाच न्यूनगंड येतोय. पण मी तिला बोलवणार नाही.”

“का?”

“सर्व्हेअर म्हणजे रस्ते, खाणी, बांधकामं. मागून ट्रक रिव्हर्स येतो तेव्हा त्याचा बीप-बीप आवाज ऐकून माणूस बाजूला होतो. तिला तो ऐकूच येणार नाही. मग तिला इथे बोलवायचं, यंत्र दाखवायचं, जेवू घालायचं, आणि शेवटी सांगायचं की हे तुझ्यासाठी नाही? मला नाही जमणार ते.”

तो वाईट हेतूने बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती.

ग्लेंडाने चष्मा काढला. “कॉलिन, प्रोग्रामचं नाव काय आहे?”

“कॅम्पस व्हिजिट.”

“व्हिजिट. ॲडमिशन नाही. तिला बघायचंय. बघून ती ठरवेल. आपण तिच्या आधीच ठरवायचं असेल तर मग बोलवायचंच कशाला कुणाला?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मंज, ऑस्लनची इंटरप्रिटर बुक कर. आणि त्या फायर अलार्मचं काय ते बघ. मलाही माहीत नाही.”

माझं नाव मंजिरी. मंजच्या पुढे ग्लेंडा कधी गेली नाही.

इंटरप्रिटर मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. रोज प्रीमियरच्या, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांच्या, प्रेस कॉन्फरन्समध्ये शेजारी खुणा करणारी माणसं टीव्हीवर दिसायची आणि अचानक सगळ्यांनाच ती हवी झाली होती. शेवटी ट्रेसी नावाची एक अनुभवी इंटरप्रिटर तयार झाली. अलार्मचं मात्र निराळंच निघालं. आमच्या हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये नुसता भोंगा होता, दिवा नव्हता. मेन्टेनन्सच्या माणसाने कुठूनतरी एक हलवता येणारा अलार्म आणला. धूर झाला की तो झगझगीत लुकलुकायचा आणि त्याला जोडलेली चकती उशीखाली ठेवली की गदगदा हलायची.

मी रेवाला सिलेक्शनची ईमेल पाठवली. तासाभरात फोन आला. तिच्या आईचा.

“मंजिरीताई, मी अनघा. रेवाची आई. ईमेलखाली तुमचं आडनाव बघितलं आणि म्हटलं चला, मराठीत बोलता येईल.”

पहिली पाच मिनिटं आम्ही दोघी पुण्यातच फिरत होतो. मग ती मुद्द्यावर आली.

“मला तिच्याबरोबर येऊ द्या. मी हॉस्टेलवर नाही राहणार, मोटेलमध्ये राहीन. नुसती कोपऱ्यात उभी राहीन. तिला नाही हो कळत लोक काय बोलतात ते. मीच सांगते सगळीकडे. डॉक्टरकडे, शाळेत, दुकानात.”

“अनघा, कोविडच्या नियमांमुळे अर्जदाराशिवाय कोणालाही कॅम्पसवर घेता येत नाही. आणि तिच्यासाठी इंटरप्रिटर आहे.”

“परकी बाई!” ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “ताई, ती दोन वर्षांची असताना स्पीच थेरपिस्ट म्हणाली, घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश. नाहीतर ती कन्फ्यूज होईल. आम्ही त्या दिवसापासून घरात मराठी बंद केलं. जेवताना, रागावताना, झोपवताना, सगळं इंग्लिश. खुणा शिकू नका, म्हणाले, मग ती बोलायचा आळस करेल. ते पण ऐकलं. खुणा ती नंतर शाळेत शिकली, मैत्रिणींकडून. म्हणजे बघा, माझी भाषा तिला नाही आणि तिची मला नाही. मध्ये ही इंग्लिश. तिच्या बाजूला उभं राहून लोकांचं बोलणं सांगणं, एवढंच माझ्याकडे आहे. तेही आता परक्या बाईकडे?”

हे नियमांच्या पुस्तकातलं बोलणं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “मला तुला येऊ देता येत नाही. पण ती आली तर मी तिच्या आसपास असेन, हे वचन देते.”

“मग नाही पाठवत मी,” अनघा म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेवाची ईमेल. “मी येतेय. आई स्टेशनवर सोडेल. खूप भांडण झालं. बाबा माझ्या बाजूने आहेत, पण ते घाबरून गॅरेजमध्ये जाऊन बसले होते.”

तिच्या वडिलांच्या घरच्यांचंही मला नंतर कळलं. पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, “सर्व्हेअर म्हणजे सिटी सर्व्हे ऑफिसात का? ऑस्ट्रेलियात जाऊन मोजणी खात्यात?”

व्हिजिटच्या आदल्या दिवशी प्रीमियर टीव्हीवर आले आणि स्नॅप लॉकडाऊन जाहीर झाला. स्नॅप लॉकडाऊन म्हणजे आज सांगायचं आणि आज रात्रीपासून बंद. हॉस्टेलवर पाच पलंग तयार होते. फ्रिजमध्ये जेवणाचं सामान होतं. मी पाचही जणांना कळवलं. तिघांकडून ‘नो वरीज’, काही काळजी नको, असं उत्तर आलं. एकाकडून काहीच नाही. रेवाचं उत्तर एका ओळीचं होतं: “नवी तारीख कधी?”

मला माहीत नव्हतं. लॉकडाऊन वाढत गेला. दर आठवड्याला तिची तीच एक ओळ यायची आणि मी दर वेळी ‘अजून नाही’ लिहायचे. खरं सांगायचं तर प्रोग्राम त्या वर्षापुरता गुंडाळावा असं माझ्या मनात आलं होतं. तसं करायला कोणी नाही म्हणालं नसतं. त्या एका ओळीमुळे माझं धाडस झालं नाही.

मध्ये एकदा अनघाचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला. पण ती हसत होती.

“ताई, मी ऑस्लनचा ऑनलाइन क्लास लावलाय. लॉकडाऊनमध्ये करायचं काय? रेवा घेते माझा अभ्यास. फार कडक आहे हो. म्हणते, तुझ्या हातांना पण पुणेरी ॲक्सेंट आहे.”

शेवटी निर्बंध थोडे सैल झाले आणि नवी तारीख मिळाली. दोघं गळाले होते, त्यांच्या जागी वेटिंगवरचे आले. पण आता आत-बाहेर सगळीकडे मास्क सक्तीचा होता. मास्क लावला की ओठ झाकले जातात. रेवाच्या दृष्टीने मास्क लावलेला माणूस म्हणजे तोंड बंद असलेला माणूस. मी पारदर्शक मास्क मागवले. ग्लेंडाने एक लावून बघितला. दोन वाक्यांत त्यावर आतून वाफ जमली आणि ती धुक्यातून बोलते आहे असं दिसू लागलं.

ट्रेसीला विचारलं. ती म्हणाली, नियमातच सूट आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलताना मास्क काढता येतो, फक्त अंतर ठेवा. आणि शक्य तेवढं बाहेर करा, मोकळ्यावर.

कॉलिन म्हणाला, “माझा विषय मोकळ्यावरचाच आहे.”

व्हिजिटच्या सकाळी मी कॅम्पसच्या गेटवर उभी असताना ट्रेसीचा फोन आला. ती परवा ज्या सुपरमार्केटमध्ये गेली होती ते एक्सपोजर साइटच्या यादीत आलं होतं. म्हणजे तिथे त्या वेळी कोविडचा पेशंट होता आणि तिथे गेलेल्या सगळ्यांनी घरात बसायचं. तिला कुठलीही लक्षणं नव्हती, पण बाहेर पडता येणार नव्हतं.

“व्हिडिओवरून करते,” ती म्हणाली. “तिच्या हातात टॅबलेट द्या.”

तेवढ्यात स्टेशनवरून आमची मिनीबस आली. रेवा उतरली. स्क्रीनवर वाटली त्यापेक्षा बुटकी. पाठीवर सॅक, डोक्यावर मोठ्या काठाची हॅट, पायात साइटवर घालतात तसले जाड बूट. बूट नवे कोरे होते. बाकीची चार मुलं एकमेकांशी मास्कमधून काहीतरी बोलत होती. ती त्यांच्याकडे बघत बाजूला उभी होती.

मी लांब उभी राहून मास्क काढला आणि सावकाश बोलत तिला ट्रेसीचं सांगितलं. मग फोनवर टाइप केलं, “हवं तर आईला व्हिडिओवर घेऊ. ती तयार असेल.”

रेवाने वाचलं. मग लिहिलं, “आई तयार असणारच. पण नको. आज मला बघायचंय की ती नसताना काय होतं.”

सकाळचा भाग टॅबलेटवर बरा गेला. क्लासरूम, कॉम्प्युटर लॅब. ट्रेसी स्क्रीनवरून खुणा करत होती, रेवा बघत होती. दुपारी आम्ही ओव्हलवर गेलो. ओव्हल म्हणजे खेळाचं मोठं मैदान. ऊन लख्ख होतं आणि वारा सुटला होता. टॅबलेटच्या काचेवर आभाळ सोडून काही दिसेना. हॅटची सावली धरली, जॅकेट धरलं, उपयोग नाही. शेवटी रेवाने टॅबलेट माझ्या हातात दिला आणि मान हलवली. राहू दे.

मैदानाच्या या टोकाला कॉलिनने टोटल स्टेशन लावलं होतं. तिपाईवर बसवलेलं, दुर्बिणीसारखं यंत्र. ते कोन आणि अंतर मोजतं. लांब दुसऱ्या टोकाला एक जण काठी घेऊन उभा राहतो. काठीच्या टोकाला चमकणारी काच असते. यंत्रातून त्या काचेवर नेम धरायचा आणि काठीवाल्याला थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, थोडा मागे सांगत सांगत नेमक्या जागेवर आणायचं. तिथे खुंटी ठोकायची. नकाशावरचं घर जमिनीवर येतं ते असं, एकेका खुंटीने. त्या दिवशी मुलांना एका खोलीचे चार कोपरे जमिनीवर आणायचे होते.

एरवी यंत्रवाला आणि काठीवाला वॉकीटॉकीवर बोलतात. पण कोविडमुळे तोंडाजवळ धरायच्या वस्तू एकमेकांच्यात वापरायला मनाई होती. सगळे वॉकीटॉकी कपाटात कुलपात होते.

पहिली जोडी सुरू झाली. यंत्राशी उभा असलेला मुलगा मास्कमधून ओरडत होता, “लेफ्ट! नो, माय लेफ्ट!” वारा आमच्या तोंडावर येत होता. पलीकडच्या मुलीला काहीच ऐकू जात नव्हतं. ती हात पसरून ‘काय?’ विचारत होती. दहा मिनिटं हाच गोंधळ. एकही खुंटी लागली नाही.

कॉलिन हसायला लागला. “थांबा,” तो म्हणाला. “मी शिकलो तेव्हा आमच्याकडे वॉकीटॉकी नव्हतेच.” तो यंत्रामागे गेला आणि त्याने उजवा हात आडवा, लांब केला. सावकाश हात म्हणजे बरंच सरक. मनगटाचा झटका म्हणजे अगदी थोडं. दोन्ही हात वर म्हणजे थांब, बरोबर आहे, ठोक.

रेवाचं सगळं लक्ष त्या हातांवर होतं. ती कोणाला न विचारता चालत निघाली. पलीकडे गेली, त्या मुलीकडून खुणेनेच काठी मागितली, सॅनिटायझर लावलं आणि उभी राहिली.

कॉलिनने हात केला. ती सरकली. मनगट हललं. ती पाऊलभर हलली. पुन्हा मनगट. मग तिने आपणहून एक हात वर करून काहीतरी विचारलं: बोट मागे-पुढे. कॉलिन क्षणभर थबकला, मग त्याला कळलं. मागे का पुढे? त्याने तीच खूण तिला परत केली, पुढे. दोन्ही हात वर. रेवाने खुंटी ठोकली.

दुसऱ्या खुंटीला तिने घाई केली. कॉलिनचे हात वर जायच्या आधीच हातोडा मारला. त्याने नकारार्थी मोठा हात फिरवला आणि तिला ती उपटून परत करायला लावली. तिने जीभ चावली. पण पुढे चूक झाली नाही. मग बाकीची मुलंही तशीच करू लागली. ओरडणं थांबलं. त्या प्रचंड मैदानावर पाच मुलं आणि एक म्हातारा होत आलेला माणूस नुसते हात हलवत होते आणि खुंट्या लागत होत्या. मी तिथे काहीही न करता उभी होते आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

काम संपल्यावर रेवा कॉलिनसमोर आली. त्याने अंतर ठेवून मास्क काढला. तिने आधीच फोनवर टाइप करून ठेवलं होतं. “मी साइटवर काम करू शकेन का?”

कॉलिनने स्वतःच्या फोनवर लिहिलं. मोठ्या बोटांनी, सावकाश. ट्रक रिव्हर्स येतो, बीप वाजतो, तुला ऐकू येणार नाही.

रेवाने विचारलं, “साइटवर मशीन चालू असताना तुम्ही कानाला काय लावता?”

“इअरमफ्स,” कॉलिन म्हणाला. आवाजापासून कान वाचवणारे ते जाड गोळे.

“मग तुम्हाला बीप ऐकू येतो?”

कॉलिनने वाऱ्याने हलणारी हॅट दाबून बसवली. मग त्याने लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. “मला माहीत नाही. ऐकू न येणाऱ्या सर्व्हेअरबरोबर मी कधी काम केलेलं नाही. मी माहिती काढतो आणि तुला कळवतो.”

संध्याकाळी कॅन्टीनच्या अंगणात जेवताना रेवाने मला लिहून दाखवलं, “लहानपणापासून सगळे मला ‘नो वरीज’ म्हणतात. ‘माहीत नाही, विचारतो’ असं म्हणणारा हा पहिलाच.”

रात्र तिने हॉस्टेलवर काढली. सकाळी तिने लिहून सांगितलं, उशीखालची चकती हलेल की काय या विचाराने निम्मी झोप गेली, पण बरं वाटलं.

कॉलिनने खरंच माहिती काढली. त्याने जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, त्यांनी आणखी कोणाला केले. एका दुसऱ्या राज्यात ऐकू न येणारी एक बाई बरीच वर्षं सर्व्हेअर आहे असं निघालं. त्याने रेवाची आणि तिची ईमेलवर गाठ घालून दिली. तिने साइटवर कसं उभं राहायचं, ट्रक आणि आपल्यामध्ये नजर ठेवणारा माणूस कसा मागून घ्यायचा, हे सगळं रेवाला लिहिलं. ते पत्र रेवाने कॉलिनलाही पाठवलं. त्याने ते छापून फील्डवर्कच्या फाइलमध्ये लावलं आणि पुढच्या बॅचपासून पहिल्या आठवड्यात वॉकीटॉकी न देता हातांच्या खुणा शिकवायला सुरुवात केली. ऐकू येणाऱ्या सगळ्यांना.

रेवाला ॲडमिशनची ऑफर गेली. माझ्या मनात ती आमची विद्यार्थिनी झालीच होती. तिला कुठली खोली द्यायची हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

तिची ईमेल आली. नेहमीसारखी एका ओळीची नव्हती. तिने आमच्याकडे न येता दुसऱ्या शहरातलं कॉलेज घेतलं होतं. तिथे तिच्यासारखे आणखी तीन विद्यार्थी होते, इंटरप्रिटर कॉलेजमध्येच नोकरीला होत्या, आणि प्रत्येक खोलीत अलार्मला दिवा होता. तेही ती बघून आली होती. “तुमच्याकडे आले नसते तर तिथे काय काय विचारायचं हे मला कळलंच नसतं,” तिने लिहिलं होतं. “कॉलिनला सांगा, मी हात वर गेल्याशिवाय हातोडा मारत नाही.”

मला वाईट वाटलं. त्यात भर म्हणजे वर्षअखेरचा रिपोर्ट लिहायचा होता. त्यात पहिला रकाना असतो: किती जण आले, त्यातल्या किती जणांनी ॲडमिशन घेतली. वरच्या लोकांना तेवढाच दिसतो. आणि सगळ्यात जास्त खटपट आम्ही जिच्यासाठी केली तीच गेली होती.

मी ग्लेंडाच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मला वाटलं ती निदान हळहळेल.

“तिकडे दिवे आहेत म्हणाली?” तिने विचारलं.

“हो. सगळ्या खोल्यांत.”

ग्लेंडाने फोन उचलला, मेन्टेनन्सला लावला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेलच्या सगळ्या अलार्मना दिवे लावायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. फोन ठेवला.

“आणि रिपोर्टमध्ये काय लिहू?” मी विचारलं.

“जे झालं ते. ती आली, तिने बघितलं, तिने दुसरं घेतलं.” ती परत कॉम्प्युटरकडे वळली. “त्याचसाठी बोलावलं होतं ना आपण?”

मी तसंच लिहिलं. वरून कोणी काही विचारलं नाही. पुढेही काही वर्षं मी तो प्रोग्राम चालवला आणि दर वर्षी कोणीतरी बघून जायचं आणि दुसरीकडे ॲडमिशन घ्यायचं. पूर्वी मी अशांना पुन्हा फोन करून मनधरणी करायचे. रेवानंतर मी त्यांना एकच विचारू लागले की तिथे असं काय होतं जे आमच्याकडे नव्हतं. तिकीट आपण काढून देतो म्हणून पाहुण्याने आपल्यालाच पसंत करावं असं काही नसतं, आणि जो नाही म्हणून जातो तो निघताना बहुतेक वेळा कुठला दिवा लावायचा राहिलाय ते सांगून जातो.